ओझ्याची गाडी

बैल पारखण्याचें शास्त्र आमच्या लोकांत फार जुनें आहे. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती आणि जुळलेला अशा दांतांच्या पायऱ्यांवरून जनावराचें वय ओळखावें; खांदा, खूर, छाती आणि वशिंड हातानें चाचपून पाहावें; अंगावर कोठें अशुभ भोंवरा तर नाहीं ना याची खात्री करून घ्यावी; दहा पावलें चालवून त्याची चाल न्याहाळावी, आणि इतकें सारें झाल्यावर दलालाच्या रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरवावा, अशी ती विद्या बापाकडून मुलाकडे चालत आली. चाकणच्या बाजारांत ती अजूनहि पाहावयास मिळते. पण त्याच चाकणच्या भोंवतालीं आतां मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे राहिले आहेत; आणि पूर्वीं बैलजोडीनें ओढलेलें ओझें आज ज्या गाडीवर लादलें जातें, त्या पिकअपला दांत नाहींत, वशिंड नाहीं, आणि तिच्या अंगावरचा भोंवरा रंगाखालीं सहज झाकतां येतो. बैलजोडीच्या कैक पट किंमत देऊन ही गाडी घेतली जाते. पण ती पारखण्याची विद्या बापाजवळ नसल्यामुळें मुलगा ती दुकानांतील विक्रेत्याकडून शिकतो. शिकविणारा आणि विकणारा एकच असला म्हणजे विद्येची काय अवस्था होते तें सांगावयास नको.

आमच्यासारख्या पांढरपेशा माणसांस मोटार घेण्याचा अनुभव नाहीं असें नाहीं. परंतु तो येथें फारसा उपयोगीं पडत नाहीं. आमच्या मोटारी बसण्यासाठीं असतात, आणि बसण्याच्या गाडीची निवड रंग, गाद्या, शेजाऱ्याची गाडी आणि कुटुंबाची मर्जी या चार गोष्टींवर होते. ती निवड फसली तर चार वर्षें कुरकुर करावी लागते, यापलीकडे मोठेंसें संकट येत नाहीं. ओझ्याच्या गाडीची गोष्ट वेगळी. आमचे वडील बंधु जुन्नर तालुक्यांत शेती पाहतात. त्यांचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यांत तीन वर्षें कंत्राटी कामगार होता. कंत्राट संपल्यावर तो गांवीं परतला, आणि दुसऱ्यांच्या गाड्या जोडण्यापेक्षां स्वतःची एक चालवावी असें त्यानें मनांत घेतलें. पहिली रक्कम वहिनींच्या पाटल्यांतून उभी राहावयाची होती आणि बाकीची कर्जानें. गाडी चालली तर मुलगा गांवांत राहणार. न चालली तर पाटल्याहि जाणार, हप्ताहि डोक्यावर राहणार, आणि मुलगा पुन्हां कारखान्याच्या फाटकाशीं उभा राहणार. घरांत कागद वाचणारा माणूस म्हणून आम्हांस बोलावणें आलें तें अशा वेळीं.

गाडीच्या नांवाविषयीं येथें दोन शब्द लिहिण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. आमच्या लहानपणीं मालाच्या प्रत्येक लहान गाडीला ‘टेम्पो’ म्हणत, आणि हा शब्द मराठीच असावा अशी पुष्कळांची समजूत होती. वस्तुतः तें हांबुर्ग येथील एका जर्मन कारखान्याच्या गाडीचें नांव. त्या कारखान्याच्या सहकार्यानें १९५८ सालीं नवलमल फिरोदिया यांनीं बजाज टेम्पो ही कंपनी काढली, तिची तीन चाकांची गाडी गल्लोगल्लीं दिसूं लागली, आणि कंपनीचें विशेषनाम आमच्या भाषेंत सामान्यनाम होऊन बसलें. २००५ सालीं कंपनीनें आपलें नांव बदलून फोर्स मोटर्स असें केलें, तरी लोकांच्या तोंडचा टेम्पो कांहीं गेला नाहीं. त्याच वर्षीं टाटांनीं दोन नळकांड्यांच्या लहानशा डिझेल इंजिनाची ‘एस’ ही चारचाकी बाजारांत आणली. ती तयार करतांना कंपनीच्या माणसांनीं तीनचाकी चालविणाऱ्यांच्या भेटी घेतल्या, तेव्हां चार चाकांची गाडी दारांत असली म्हणजे गांवांत लग्न जमणें सोपें जातें, असें एकानें सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. लोकांनीं ‘एस’ हें नांव कागदावर राहूं दिलें आणि गाडीला ‘छोटा हत्ती’ म्हणावयास सुरुवात केली. अवजड कामाला हत्ती आणि खर्चाला छोटा, इतकें सारें दोन शब्दांत सांगणारें नांव एखाद्या पगारी जाहिरातदारास सुचलें असतें कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे.

दादांचें मत या छोट्या हत्तीच्या बाजूचें होतें. “कर्ज जितकें थोडें तितकी झोंप जास्त,” एवढाच त्यांचा युक्तिवाद. मुलाची नजर उलट सर्वांत मोठ्या पिकअपवर, म्हणजे पावणेदोन टनांच्या हौद्यावर. “काका, लहान गाडीला बाजारांत कोणी विचारत नाहीं,” असें तो आम्हांस बाजूला घेऊन म्हणाला. दोघेहि गाडीविषयीं बोलत होते. ओझ्याविषयीं कोणीच बोलत नव्हतें. तें काम वहिनींनीं केलें. आंतल्या खोलींतून त्यांनीं एक वही आणून आमच्यापुढें ठेविली आणि म्हणाल्या, “भावोजी, हें बघा. गेल्या वर्षीं आपण भाड्यानें किती गाड्या लावल्या तें मीं लिहून ठेवलंय.”

वाचकहो, गाड्यांचीं रंगीत पत्रकें आम्हीं त्या पंधरवड्यांत पुष्कळ वाचलीं, पण त्या वहीइतका उपयुक्त ग्रंथ दुसरा आढळला नाहीं. वर्षांत एकंदर ४६ खेपा झाल्या होत्या. त्यांपैकीं ३१ टोमॅटो घेऊन नारायणगांवच्या बाजारास, ९ कांदा घेऊन ओतूरला, आणि उरलेल्या ६ माळशेज घाट उतरून वाशीला. नारायणगांवच्या खेपेस सरासरी ९०० रुपये, ओतूरच्या खेपेस १,५०० आणि वाशीच्या खेपेस ७,००० असें भाडें पडलें होतें. बेरीज केली तों ८३,४०० रुपये झाले. म्हणजे ज्या गाडीसाठीं वर्षाला लाखाच्या वर नुसते हप्ते भरावे लागणार, तिच्यावांचून चालविण्याचा खर्च इतकाच होता. आणि त्या भाड्यांत डिझेल, चालक, विमा, टायर हें सारें दुसऱ्याचें! दादांनीं विजयी मुद्रेनें मुलाकडे पाहिलें. मुलगा कांहीं वेळ गप्प राहिला. मग त्यानें वही जवळ ओढली आणि मागच्या कोऱ्या पानावर, आपल्या वस्तींतील कोण कोण आज भाड्याची गाडी लावतात, कोणाला पहांटे चार वाजतां गाडी वेळेवर मिळत नाहीं, आणि कोण आपल्याला काम देण्यास कबूल झाला आहे, त्यांचीं नांवें लिहूं लागला. अकरा नांवें झालीं.

त्या क्षणीं प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. आपल्या शेतमालासाठीं गाडी घेणें हा व्यवहार तोट्याचा होता, हें वहीनें सिद्ध केलेंच होतें. मुलगा जें मागत होता तो निराळाच धंदा होता, आणि त्या धंद्यांत त्याची स्वतःची शेती ही अकरांच्या जोडीला बारावें गिऱ्हाईक होती. पिकअप घेऊं इच्छिणाऱ्या कित्येक शेतकऱ्यांच्या घरीं हा भेद कोणी बोलून दाखवीत नाहीं असें आमचें मत आहे. शेतकरी म्हणून गाडी घ्यावयाची आणि वाहतूकदार म्हणून तिचे हप्ते फेडावयाचे, हें ज्याला पत्करावयाचें असेल त्यानें गाडी आपल्या शेताकडे पाहून निवडूं नये. रोज जें ओझें भाड्यानें येणार त्याकडे पाहून निवडावी.

ओझें मोजण्याचें काम वाटतें तितकें कठीण नाहीं. टोमॅटोच्या एका क्रेटमध्यें वीस किलो माल, आणि क्रेटचें स्वतःचें वजन धरून सुमारें बावीस किलो. तेराशें किलो वाहण्याचा परवाना असलेल्या गाडींत असे एकूणसाठ क्रेट बसतात; सतराशें किलोंच्या गाडींत सत्त्याहत्तर. परंतु कागदावरचे हे आंकडे रिकाम्या गाडीच्या ठराविक वजनावर आधारलेले असतात. गाडी घेतल्याबरोबर बहुतेकजण ती लोहाराकडे नेतात, हौद्याचे फाळके दोन फूट उंच करून घेतात, वर लोखंडी सांगाडा चढवितात, खालीं जाड पत्रा ठोकतात. या सजावटीचें वजन शेंदीडशें किलो सहज भरतें, आणि तें सारें मालाच्या वजनांतून वजा होतें. म्हणजे गाडीच्या मालकानें स्वतःच पैसे देऊन पांचसात क्रेट कायमचे हौद्याबाहेर काढलेले असतात.

अर्थात् त्या क्रेटांना बाहेर ठेवतो कोण? पिकअपमध्यें दोन टन, अडीच टन घालणें हा आमच्याकडील सर्वमान्य शिष्टाचार आहे. पुतण्यानें अभिमानानें सांगितलें कीं, “काका, शंभर क्रेट तर कुणीहि नेतो.” शंभर क्रेट म्हणजे बावीसशें किलो. कायद्याची बाजू प्रथम पाहूं. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें जादा वजनास २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनास आणखी २,००० रुपये, शिवाय जादा माल तेथेंच उतरवून ठेवावा लागतो. रस्त्याच्या कडेला उतरविलेल्या टोमॅटोची दुपारीं काय किंमत राहते हें शेतकऱ्याला सांगण्याची आवश्यकता नाहीं. परंतु दंडाचें भय आमच्या लोकांना फार नसतें, आणि आम्हांसहि तें मुख्य वाटत नाहीं. मुख्य भय घाटाचें.

माळशेज घाट ज्यांनीं पावसाळ्यांत पाहिला आहे त्यांना त्याचें सौंदर्य सांगावें लागत नाहीं. धबधबे पाहण्यास सहलीच्या मोटारी तेथें रांगेनें उभ्या राहतात. त्याच धुक्यांतून, त्याच ओल्या उतारावरून, मध्येंच कड्यावरून सुटणारे दगड चुकवीत, भरलेली पिकअप रात्रीं दोन वाजतां खालीं उतरत असते. उतरतांना गाडीचें जितकें वजन अधिक, तितकी तिला आवरण्यासाठीं ब्रेकमध्यें निर्माण होणारी उष्णता अधिक. ब्रेक अतिशय तापले म्हणजे त्यांची पकड कमी होते, आणि पाय पूर्ण दाबला तरी गाडी ऐकत नाहीं. यासाठीं जाणते चालक ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच गिअरमध्यें उतरतात. इंजिनच गाडीला मागें ओढून धरतें आणि ब्रेकला विसांवा मिळतो. याच्या नेमकें उलट, चार पैशांचें डिझेल वांचवावें म्हणून गिअर काढून, क्वचित् इंजिन बंद करूनहि, गाडी उतारावर सोडून देणारे शूर वीर आहेत. इंजिन बंद झालें म्हणजे ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारें यंत्राचें साहाय्यहि बंद होतें, हें त्यांना कोणीं सांगितलेलें नसतें. कारखान्यानें ठरविलेलें तेराशें किलोंचें बंधन पाट्यांच्या मजबुतीपुरतें आहे अशी समजूत फार पसरली आहे. “दोन पाटे वाढवून घेतले कीं झालें,” असें गॅरेजांत सांगतात. पाटे वाढवून मागचा भाग खालीं बसत नाहीं हें खरें. पण ब्रेक, चाकांचे बेअरिंग, टायर आणि चासीस हीं होतीं तेथेंच राहतात. खांद्याला दुखूं नये म्हणून जुवावर मऊ गादी बांधावी आणि मग बैलाला दुप्पट ओझें ओढावयास लावावें, तशांतला हा प्रकार आहे.

पुतण्यास हें आम्हीं याच शब्दांत सांगितलें. तो तोंडावर कांहीं बोलला नाहीं, पण त्याला तें आवडलें नसावें. कारण शंभर क्रेट नेले नाहींत तर प्रत्येक क्रेटमागें भाडें वाढवावें लागतें, आणि शेजारचा वाढवीत नसतां आपण कसें वाढवावें, ही त्याची अडचण खोटी नव्हती. तिचें उत्तर गाडींत नाहीं. तें बाजारांतील स्पर्धेंत आहे, आणि एकट्या माणसानें प्रामाणिक वजन वाहिलें तर पहिला तोटा त्यालाच होतो. आम्हीं त्याला इतकेंच म्हटलें कीं, वाशीच्या खेपा वर्षाला सहा. तेवढ्यापुरता माल जास्त असेल तर दुसऱ्याची मोठी गाडी भाड्यानें लाव. सहा दिवसांसाठीं उरलेल्या दिवसांची गाडी निवडूं नको.

वजनाच्या बाबतींत कायद्याचीं आणखी एकदोन कलमें लक्षांत ठेवण्यासारखीं आहेत. ज्या मालगाडीचें मालासकट एकूण वजन ३,००० किलोंच्या आंत असेल तिला वाहतुकीचा परवाना काढावा लागत नाहीं. म्हणून कित्येक पिकअप या रेषेच्या किंचित् आंत बसतील अशाच बांधलेल्या आढळतात. पावणेदोन टनांची गाडी ती रेषा ओलांडते, आणि मग परवान्याचा खर्च व खटाटोप मागें लागतो. चालकाच्या लायसनविषयीं पुष्कळ वर्षें वाद होता. हलक्या मोटारीच्या लायसनवर भाड्याची मालगाडी चालविली तर अपघातानंतर विमा कंपन्या हात झटकीत. सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं त्याचा निकाल दिला, आणि एकूण वजन ७,५०० किलोंच्या आंत असलेली मालगाडी हलक्या मोटारीच्या लायसनवर चालवितां येते हें कायम केलें.

आतां भरंवशाचा प्रश्न. कोणती गाडी भरंवशाची, असें आम्हीं ज्यास ज्यास विचारिलें त्यानें त्यानें आपल्या दारांतील गाडीचें नांव सांगितलें. यांत लबाडी नाहीं. स्वतःच्या निवडीची निंदा स्वतःच्या तोंडानें करणारा मनुष्य विरळा. शेवटीं आम्ही नारायणगांवच्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेलों. त्यानें आमचा प्रश्न ऐकून घेतला आणि उलट विचारिलें, “साहेब, गाडी बंद पडली तर ती ओतूरच्या रस्त्याला बंद पडणार, पुण्याच्या शोरूमपुढें नाहीं. तिथं ती कोण उघडणार?” गाडी कधींच बंद पडणार नाहीं असें वचन कोणत्याहि कारखान्याला देतां येत नाहीं. बंद पडल्यावर ती किती तासांत चालूं होईल, तिचा भाग तालुक्याच्या गांवीं मिळतो कीं पुण्याहून मागवावा लागतो, आणि तिच्या इंजिनाला हात लावण्याची छाती असणारीं किती माणसें जवळपास आहेत, यावर खेड्यांतील गाडीचा भरंवसा ठरतो. चारदोन वर्षांत बाजारांत आलेली सुंदर गाडी कितीहि गुणी असली, तरी तिचे भाग ठेवणारें दुकान आणि तिची नाडी ओळखणारा मिस्त्री तयार होण्यास दिवस लागतात. म्हणून रस्त्यावर जी गाडी डोळ्यांना कंटाळा येण्याइतकी वारंवार दिसते, तीच ओझ्यासाठीं घ्यावी असें आमचें मत बनलें. अडीच लिटरांचें, चार नळकांड्यांचें जुन्या वळणाचें डिझेल इंजिन असलेली महिंद्रची बोलेरो पिकअप आमच्या भागांत इतकी कां दिसते, याचें कारणहि आम्हांस तेथें कळलें. तिचें कौतुक कोणी केलें नाहीं. ती दुरुस्त करतां येते एवढेंच सर्वांनीं सांगितलें.

तथापि जुन्या मिस्त्रीची विद्याहि आतां पूर्वीसारखी चालत नाहीं. १ एप्रिल २०२० पासून धुराचे जे कडक नियम लागू झाले, त्यांमुळें नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळींत काजळी अडविणारी एक चाळणी आली. ही काजळी मधून मधून जाळून टाकावी लागते, आणि ती जळण्यासाठीं धूर पुरेसा तापावा लागतो. म्हणजे गाडी कांहीं वेळ सलग, बऱ्या वेगानें चालावी लागते. रोज सहा किलोमीटर बाजारास जाऊन तासभर रांगेंत इंजिन चालूं ठेवून उभी राहणारी गाडी चाळणी तुंबवून घेते. मग दिवा लागतो, इंजिनाची शक्ति घटते, आणि मिस्त्री हातोडी खालीं ठेवून संगणकाकडे बोट दाखवितो. ज्याच्या साऱ्या खेपा अशा आंखूड असतील त्यानें पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणारी लहान गाडी पाहावी हें उत्तम. तिचेंहि एक पथ्य आहे. गॅसचा पंप रोजच्या वाटेवर असला पाहिजे, आणि भरल्या गाडीनें चढ चढतांना तिची शक्ति कमी वाटते ती सोसली पाहिजे. विजेवर चालणारी एस टाटांनीं २०२२ सालीं आणली. शहरांत ठराविक वाटेनें दिवसभर फिरून रात्रीं एकाच जागीं परतणाऱ्या व्यापाऱ्यास ती शोभेल. जेथें रात्रीची वीज कोणत्या आठवड्यांत येणार यावरून पिकाला पाणी देण्याच्या वेळा ठरतात, तेथें आमच्या वहिनींनीं ती कल्पना ऐकतांच हंसून सोडून दिली. पुतण्याच्या बाबतींत ओतूरच्या, वाशीच्या आणि अकरा गिऱ्हाइकांच्या लांब खेपा मध्यें मध्यें येणार असल्यामुळें डिझेल चालण्यासारखें होतें.

जुनी गाडी घ्यावी काय, हाहि विचार झाला. निम्म्या किंमतींत चार वर्षांची पिकअप मिळते म्हणून आम्ही तीन ठिकाणीं जाऊन पाहिलें. येथें बैलाच्या बाजाराची आठवण झाल्याशिवाय राहिली नाहीं. एका ठिकाणीं सकाळीं सात वाजतां पोंचलों तों इंजिनाच्या झांकणाला हात लावतां चटका बसला. आम्हीं येण्यापूर्वींच गाडी तापवून ठेविली होती. थंड इंजिन सुरू होतांना जो धूर आणि जो आवाज निघतो तोच गाडीचा दांत होय, आणि विक्रेत्यानें तो आम्हांस पाहूं दिला नाहीं. दुसरीच्या खालीं पुतण्या आडवा झोंपून गेला आणि विजेरीनें पाहूं लागला, तेव्हां मागच्या पाट्यांच्या जोडापाशीं चासीसवर ताज्या रंगाचा पट्टा दिसला. त्यानें नखानें तो खरवडला. खालीं वेल्डिंगची गांठ होती. कारखान्यांत काढलेलीं तीन वर्षें तेथें कामास आलीं. सतत जादा ओझें वाहिलेल्या गाडीची चासीस बहुधा अशा जागीं तडकते, आणि एकदां तडकली म्हणजे ती नवी करण्याचा उपाय नाहीं. तिसरी गाडी चांगली होती; परंतु तिच्या नोंदणीपुस्तकावर कर्ज देणाऱ्याचा बोजा तसाच होता, आणि तो उतरविल्याचें पत्र “पुढच्या आठवड्यांत” मिळणार होतें. आम्ही पुढच्या आठवड्यापर्यंत थांबलों नाहीं.

नवी घ्यावयाचें ठरल्यावर पैशाचा कागद आमच्या हातीं आला, आणि येथें मात्र आमच्या शिक्षणाचा थोडा उपयोग झाला. मालगाड्यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळें किंमत उतरली होती. पण दुकानदारानें सहा लाखांच्या कर्जाचा जो कागद पुढें केला, त्यांत “दहा टक्के फ्लॅट, पांच वर्षें, हप्ता १५,०००” असें लिहिलें होतें. दहा टक्के हा शब्द ऐकावयास गोड. परंतु फ्लॅट म्हणजे पांचहि वर्षें मूळच्या सहा लाखांवर व्याज. आपण दरमहा मुद्दल फेडीत असतों याचा त्यांत विचारच नाहीं. व्याज एकंदर तीन लाख होतें. उरलेल्या मुद्दलावर व्याज आकारण्याच्या पद्धतीनें हाच हप्ता मोजला तर दर सव्वासतरा टक्क्यांच्या आसपास पडतो. खऱ्या दहा टक्क्यांनीं त्याच कर्जाचा हप्ता १२,७५० रुपयांच्या आंत येतो आणि व्याज सुमारें एक लाख पासष्ट हजार. दोन कागदांवर दर एकच, आणि अंतर एक लाख पस्तीस हजारांचें! आम्हीं हा हिशेब दादांना मांडून दाखविला, तेव्हां ते बराच वेळ त्या आंकड्यांकडे पाहत राहिले; मग म्हणाले, “म्हणजे आणखी दोन पाटल्या.” वहिनींच्या हातांत तेवढ्या उरल्या नव्हत्या. कर्ज बँकेंतून उरलेल्या मुद्दलाच्या पद्धतीनें घेतलें. त्यासाठीं सातबारा, जामीन आणि बँकेच्या सहा खेपा लागल्या. दुकानदाराचें कर्ज चहा संपण्यापूर्वीं मिळत होतें.

मालकानें गाडीचें पोट दरमहा भरावयाचें म्हणजे किती, हें पाटीवर लिहून वहिनींनीं स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलें आहे: हप्ता, विम्याचा बारावा हिस्सा, टायरसाठीं बाजूला ठेवावयाचे, आणि “रिकामे दिवस” असा एक रकाना. टोमॅटोचा हंगाम सरला कीं हा रकाना वाढतो, आणि त्या महिन्यांतहि हप्त्याची तारीख पांचच असते. त्या महिन्यांसाठीं पुतण्यानें पेंड, सिमेंट आणि लग्नाच्या मांडवाचें सामान वाहण्याचीं कामें अगोदरच बोलून ठेविलीं आहेत. हीं कामें टिकतील कीं नाहीं हें आम्हांस सांगतां येत नाहीं. दोन पावसाळे गेल्यावर कळेल.

घेतली ती गाडी तेराशें किलोंची, पांढऱ्या रंगाची, रस्त्यावर दर पांच मिनिटांनीं दिसते तशीच आहे. लोहारानें फाळके उंच करण्याचा फार आग्रह केला. पुतण्यानें ते आहेत तसेच ठेविले, आणि पुढच्या नंबरपाटीच्या वर देवाचें नांव व मागें आईचें नांव एवढेंच रंगवून घेतलें. पहिली खेप टोमॅटोची नव्हती. गांवच्या प्राथमिक शाळेचीं बाकें दुरुस्त होऊन नारायणगांवांत पडलीं होतीं, तीं त्यानें आणून दिलीं, आणि हेडमास्तर भाडें देऊं लागले तें घेतलें नाहीं. दादांना हें मोठें भूषण वाटलें. वहिनींनीं मात्र नव्या वहीच्या पहिल्या ओळींत ती खेप रीतसर लिहिली आहे: तारीख, बाकें २४, किलोमीटर १३, आणि भाड्याच्या रकान्यांत शून्य.